मधली जागा

बहारीनमधल्या त्यांच्या शाळेच्या महोत्सवात चिनी नाच बसवला होता आणि त्यात मधली जागा विशाखाची होती. चार-चार हात लांब रेशमी बाह्या हवेत उडवायच्या आणि पुन्हा मनगटावर अलगद गोळा करायच्या, हे साऱ्या वर्गात तिलाच साधलं होतं. पण कार्यक्रमाच्या दिवशी नाच बसवणाऱ्या मिसनी ती जागा तिच्या मैत्रिणीला, ऋजुताला दिली.

"तुझ्या पप्पांची सलमाबादची नोकरी गेली ना, बेटा? तुम्ही महिन्याभरात गावी जाणार. मला हीच टीम पुढे दुबईला न्यायची आहे."

ही गोष्ट विशाखाने एकट्या ऋजुताला सांगितली होती.

मेकअपच्या खोलीत ऋजुताच हात पुढे करून तिच्यासमोर उभी राहिली. "बाह्या बांधून दे ना. तुझ्यासारख्या कुणालाच जमत नाहीत."

विशाखाने गाठी मारल्या.

"रागावलीस? अगं, मिसना कधीतरी कळलंच असतं."

"मिसनी मघाशी माझ्या आईला फोन केला, धीर द्यायला. तिला आठवा महिना आहे, म्हणून तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आता ती मला फोन करून विचारतेय, मग पप्पा रोज डबा घेऊन जातात तरी कुठे?"

ऋजुताचा चेहरा उतरला. "सॉरी गं. मी बोलायला नको होतं."

"मीही बोलायला नको होतं," विशाखा म्हणाली. "पप्पांनी विश्वासाने फक्त मला सांगितलं होतं."