शोभेचं चित्र

“आता जरा हळू लावा हं, आमच्याही कानात काहीतरी शिरू दे,” मोठे सर म्हणाले आणि मीटिंग रूममधले सगळे हसले.

कानसेनपण हसली. ऑफिसात तिला सगळे कानसेनच म्हणायचे. तिला दिसायचं नाही, आणि कॉम्प्युटरवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा तो आवाज ती इतका भरधाव लावायची की बाकीच्यांना नुसती चिवचिव ऐकू यायची. तिनं आवाजाला एकदम माणसात आणलं. समोर डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांच्यासाठीच ही वेबसाइट बनवलेली, ज्याला दिसत नाही त्यालाही सगळं कळेल अशी. आज मॅडम हो म्हणाल्या की काम पास, आणि काम पास झालं की कानसेन कायम. सरांनी सकाळीच सांगितलं होतं, तुमचं पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर पडलंय, सही तेवढी राहिलीय. घरी डबा हातात देताना वहिनीनं विचारलं होतं, “आज तरी कळेल ना?” तो ‘तरी’ सकाळपासून कानसेनच्या डोक्यात बसून होता.

सहा महिने तिनं या वेबसाइटचा कीस काढला होता. दोनशे बारा चित्रं अशी सापडली की ज्यात काय आहे ते कुणी लिहिलंच नव्हतं. आवाज नुसता ‘चित्र’ म्हणायचा आणि पुढे जायचा. यादी रोज जाड्याकडे, कारण वेबसाइट सांभाळायचा तो. जाड्या म्हणायचा, ताई, तुम्ही माझ्या होणाऱ्या सासूच्या वरताण आहात, आणि आठवड्याला दोन चित्रं उरकायचा. परवापर्यंत निम्मीअधिक शिल्लक होती. आणि आज काय, तर चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं शंभरपैकी शंभर दिलेले. सरांनी तो आकडा भिंतीवर मोठा करून लावला होता म्हणे. जाड्या तिच्या शेजारीच बसून पेनाचं टोपण उघडझाप करत होता.

तिनं सुरुवात केली. पहिलं पान, डॉक्टरांच्या वेळा, यायचा रस्ता, सगळं कसं सुळसुळ. एकदाही ‘चित्र’ नाही. मग आलं ‘ऑपरेशननंतर’चं पान.

“घरी गेल्यावर डोळा अचानक ठणकू लागला किंवा दिसेनासं झालं, तर वेळ न घालवता या नंबरवर फोन करा,” आवाज म्हणाला. आणि त्याच सुरात, “सर्व हक्क राखीव.”

तिनं मागे जाऊन परत ऐकलं. फोन करा. सर्व हक्क राखीव. पान खलास.

नंबर लाल रंगाच्या चित्रात होता. तिनं त्याच्याबद्दल तीनदा लिहून दिलं होतं. आधी निदान ‘चित्र’ तरी ऐकू यायचं, म्हणजे इथे काहीतरी आहे एवढं समजायचं. आता तेही नाही.

आणि तिला कळलं. वेबसाइटवर चित्र चढवताना एक चौकट येते, यात काय आहे ते लिहा म्हणून. तिच्याखाली एक बारीकसा चौकोन असतो, ‘हे चित्र फक्त शोभेचं आहे.’ त्यावर टिक केली की आवाज ते चित्र ओलांडून जातो, चूकही दिसत नाही. वेलबुट्टी, रेघा असल्या गोष्टींसाठी असतो तो. तिनंच जाड्याला शिकवला होता.

“सर म्हणाले, ताई,” जाड्या तिच्या कानाशी पुटपुटला. “जी राहिली होती त्या सगळ्यांवर.”

“अडकलं का काही?” मॅडमनी विचारलं.

सर खाकरले. कुणीतरी पंखा कमी केला. कानसेनला डोळ्यावर पट्टी बांधलेलं कुणीतरी दिसलं, म्हणजे तिला जसं दिसायचं तसं, पलंगाच्या कडेला बसलेलं, फोन कानाला लावून पान परत परत ऐकणारं. आणि मग वहिनीचा ‘तरी’.

“नाही हो,” ती म्हणाली. “सगळं व्यवस्थित आहे.”

मॅडमचं पेन कागदावर फिरल्याचं ऐकू आलं. तुमच्यासारखी व्यक्ती म्हणतेय म्हटल्यावर आम्ही कोण विचारणार, असं काहीतरी त्या म्हणाल्या. सर तर हवेतच गेले. म्हणाले, शेवटचं पान लावा, ‘आमची माणसं’.

त्या पानावर ही वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसातल्या सगळ्यांचे फोटो होते आणि प्रत्येकानं आपापल्या फोटोचं लिहिलं होतं. कानसेन स्वतःचं कुठून लिहिणार. तिनं जाड्याला सांगितलं होतं, मी कशी दिसते ते तूच लिही, आणि खरं लिही. तीन आठवडे तो ‘उद्या’ म्हणत होता. मग तिलाच लाज वाटली, तिनं विचारायचं सोडलं.

आवाज वाचू लागला. मोठे सर, निळा शर्ट, हाताची घडी, प्रसन्न हसू. मग हिशेबनीस काका, मग रिसेप्शनवरची, मग जाड्या, ‘ऑफिसमधला सगळ्यात देखणा माणूस’. सगळे खो खो हसले. जाड्यानंतर तिचा नंबर. तिची पाठ आपोआप ताठ झाली.

“सर्व हक्क राखीव,” आवाज म्हणाला.

कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळे भिंतीवर मोठं केलेलं पान बघत होते ना.

“अय्या, तुमचा फोटो तर सगळ्यात मोठा लावलाय,” मॅडम म्हणाल्या. “काय गोड आलाय.”

कानसेननं तोंड जाड्याच्या दिशेला वळवलं.

“हो ना? शोभून दिसतेय ना मी?”