मागच्या सीटची दांडी

मोटरसायकलच्या किकनं पाय असा काही परत फेकला, की घड्याळवाला एका पायावर नाचत जाऊन भिंतीला टेकला.

"लागलं?" दारातून त्याच्या बायकोनं विचारलं.

"छे! काय लागायचंय." तो पोटरी चोळत म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण कबूल करेल तर शपथ.

बायकोनं डोक्याला रुमाल बांधला होता, पायांत बंद बूट घातले होते. दवाखान्यातून आल्यापासून ती आज पहिल्यांदा जिना उतरून खाली आली होती. खिडकीच्या मळक्या काचेतून दुपारचं ऊन आत पसरलं होतं आणि त्या उन्हात ती विलायती मोटरसायकल स्टँडवर उभी होती. हे आपलंच जुनं धूड, यावर तिचा विश्वास बसेना. तिनं वाकून खालची फरशी पाहिली.

"अगंबाई! गळत नाही?"

"गळेल कशी?" घड्याळवाल्याची पोटरी एकदम बरी झाली. "सगळी सील नवी. तेलाचा पंप मोठा. कार्ब्युरेटर नवा. आणि पिस्टन असा घातलाय, की दाब जवळजवळ दीडपट! आता चढावर तुला उतरायला नको."

तो सांगत राहिला. जन्मभर भिंगातून बारीक स्क्रू फिरवलेला माणूस; एवढं मोठं इंजिन हातात आल्यावर त्याला मोकळं रान मिळालं होतं. ती ऐकत होती आणि नव्हतीही. नदीकाठचा रस्ता, कानात भरणारा वारा, गालाखाली त्याची ऊबदार पाठ आणि सगळं जग आपलं हलकंसं थरथरतंय. दवाखान्यात गोळीची गुंगी चढली की तिला हेच दिसायचं. बरं होऊन एकदा तरी त्या सीटवर बसायचं, एवढीच एक इच्छा उरली होती तिची.

ती जपून मागच्या सीटवर चढली. बसल्याबरोबर डावा हात आपोआप सीटखाली गेला. तिथं काहीच नव्हतं.

"अहो, माझी दांडी कुठाय?"

ती दांडी मुळात हँडलवरची. दाबली की इंजिनातला दाब सुटतो आणि किक हलकी होते. पण लग्न झालं त्याच वर्षी ती हँडलला धरून ठेवणारा कंस तुटला आणि घड्याळवाल्यानं ती तात्पुरती म्हणून मागच्या सीटपाशी लावली. तात्पुरती कसली, कायमचीच झाली. तेव्हापासून गाडी चालू करायला दोघं लागत. त्यानं किक हळूहळू खाली रेटायची, तिनं मागून दांडी दाबून त्याच्या आडून हँडलजवळच्या करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा बघायचा. काटा मधोमध आला की दांडी सोडायची आणि म्हणायचं, "आता!" की त्यानं जोरात किक मारायची. मित्र त्याची टर उडवायचे, की बायकोच्या परवानगीशिवाय याचं इंजिनसुद्धा सुरू होत नाही. तो हसायचा. नवा कंस आणायला मात्र कधी गेला नाही.

"ती ना? काढली." घड्याळवाला स्वच्छ टाकी पुन्हा पुसायला लागला. "इंजिनातल्या तिच्या भोकाला बूच मारलं. नव्या इंजिनाला लागत नाही."

"लागत नाही? दाब वाढवलात आणि तो सोडायची दांडीच काढलीत? डोकं कुठं गहाण टाकलं होतं?" ती खळखळून हसली. तो हसला नाही.

"का काढलीत पण?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. "तू दवाखान्यात होतीस. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. एक दिवस मला वाटलं, आता गाडी एकट्यालाच चालू करता आली पाहिजे. त्याच दिवशी काढली." त्यानं खाली बोट दाखवलं. "मग इथंच फरशीवर बसून रडलो."

"म्हणजे मला जमेतच धरलं नाहीत." तिचा आवाज चिरका झाला. "मी तिथं पडल्या पडल्या रोज या सीटवर बसत होते. आणि तुम्ही इकडं बूच मारून मोकळे!"

"भ्यालो होतो गं."

उन्हात धूळ तरंगत होती.

"फेकलीत?" तिनं विचारलं.

घड्याळवाल्यानं टेबलाचा खण उघडला. गिऱ्हाइकांची मोलाची घड्याळं तो जशी कापसात गुंडाळून ठेवायचा, तशीच दांडी ठेवलेली होती. पुसलेली, तेल दिलेली. तिनं ती हातात घेतली. अंगठा टेकायची जागा झिजून गुळगुळीत झाली होती.

"बसवा."

"हँडलवर बसवतो. कंस मिळतो आता. म्हणजे तुला त्रास..."

"होती तिथं बसवा."

त्यानं पाना घेतला. बूच निघालं, तार जोडली गेली, दांडी सीटखाली गेली. तोवर ती सीटवरून उतरली नाही.

मग त्यानं लंगडतच येऊन दुखरा पाय किकवर ठेवला. तिनं अंगठा दाबला. फुस्स करून इंजिनानं श्वास सोडला आणि मघाशी दगडासारखी अडलेली किक अलगद खाली सरकायला लागली. काटा थरथरत मधोमध आला.

तिनं दांडी सोडली, पण काही बोलली नाही. गाल त्याच्या पाठीला टेकवला आणि डोळे मिटले.

"आला का गं काटा?"

"केव्हाच."

"मग म्हण की!"

"थांबा हो जरा."

तो दुखरा पाय किकवर तसाच रोखून धरून घड्याळवाला उभा राहिला.