बॅनरची बाजू
अबुधाबीतल्या सायकल शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला बॅरिकेड लावायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. बॅरिकेडचे पाय प्रेक्षकांकडे हवेत, पण बॅनर अडकवायचे हूकही त्याच बाजूला. “सगळे फिरव. स्पॉन्सरचं नाव टीव्हीवर दिसायला हवं,” बॉस अनुपमामॅडम म्हणाल्या. “मॅडम, पाय रस्त्यात येतील.” “निनाद, वीतभर पायांनी काय होतंय? यल्ला, चल लवकर!” मी सेफ्टी चेकलिस्टवर सही केली. चार वाजता स्प्रिंट मारत सायकलींचा लोंढा आला. कडेने घुसणाऱ्या एकाचं चाक बॅरिकेडच्या पायात अडकलं आणि मागचे त्याच्यावर कोसळले. जिंकणाऱ्याने मागे न बघता हात उंचावले. सर्वांत खालचा हलत नव्हता. कॅमेरे जवळ आले, तसं डॉक्टरांनी आडोसा करायला सांगितलं. सकाळी अडकवलेला बॅनर मी ओरबाडून काढला आणि मॅडमनी दुसरं टोक धरलं. “निनाद,” त्या कुजबुजल्या, “नाव आतल्या बाजूला.”