दोन राखणदार

"लॅपटॉप चालू होतो, पण मग ही चौकट येते आणि पुन्हा पासवर्ड मागते," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा लॅपटॉप आहे. महिना होत आला, ह्यांचा पत्ता नाही. पोलिसांनीही हात टेकले. कुठे गेले ते मेलमध्ये तरी कळेल."

दुरुस्तीवाला त्यांच्या घरीच आला होता. आज हे काम करूनच उठायचं, असं त्याने ठरवलं.

गोंधळ लगेच सापडला. नवरोबांनी हौसेने लिनक्स प्रणालीवर दोन वेगवेगळे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या मांडण्या, घातले होते आणि दोन्हींनी पासवर्डांची तिजोरी सांभाळायला आपापला राखणदार प्रोग्राम आणला होता. मेलचा पासवर्ड एकाकडे, विचारणा दुसऱ्याकडे. एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी असाव्यात, तसं चाललं होतं.

नको असलेल्या राखणदाराला त्याने कायमचं झोपवलं. "आता रीस्टार्ट करून लॉगिन करा. लॉगिनचाच पासवर्ड घेऊन पासवर्डांची तिजोरी आपोआप उघडेल."

बाई लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने लॉगिन करून बाहेर आल्या.

"परक्यासमोर पासवर्ड टाकायला अवघड वाटतं."

"चांगली सवय आहे," तो मनापासून म्हणाला. बाकीची गिऱ्हाइकं चारचौघांत पासवर्ड ओरडून सांगतात.

चौकट पुन्हा हजर. त्याने आणखी एक खटपट करून पाहिली. बाई पुन्हा आत गेल्या. या वेळी त्यांना वेळ लागला. परतल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि धाप लागली होती.

चौकट होतीच. मग त्याने लॉगिनची नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला.

"ताई, तुम्ही बोटाच्या ठशाने उघडता होय? इथेच घोडं पेंड खातंय. ठशाने लॉगिन होतं, पण तिजोरीला टाईप केलेला पासवर्डच लागतो."



ठसा एकच नोंदवलेला होता, उजव्या अंगठ्याचा. त्याने स्क्रीन लॉक करून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "ठेवा बघू अंगठा."

त्यांनी ठेवला. ओळख पटली नाही. पुन्हा ठेवला. तेच.

दुरुस्तीवाल्याचं हसू ओसरलं. त्याची नजर आतल्या बंद दाराकडे गेली.

बाईंनी उठून आधी बाहेरच्या दाराला कडी घातली. मग आतल्या दाराशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ऐकलंत ना? नुसता अंगठा पुरत नाही म्हणे."