तिसऱ्या कडव्यातला आवाज

झांबियातल्या कित्वे शहरात एका हॉटेलच्या बागेत आम्ही दर रविवारी दुपारी वाजवतो. एके काळी तांब्याच्या खाणींच्या गावोगावी आमच्या बँडसाठी हॉल भरून वाहायचे. ड्रमवाला वारल्यापासून आता दोघेच उरलोय, गिटारवाला कलाबा आणि गाणारा मी. लोक मक्याच्या पिठाचा न्शिमा खाता खाता शेवटी तेच जुनं गाणं मागतात.

त्या गाण्याच्या रेकॉर्डवर तिसऱ्या कडव्यात माझ्या मागे आणखी एक आवाज ऐकू येतो. तो कुणाचा, हे आम्हालाही ठाऊक नाही. कुणी म्हणतं, खाणीत गाडल्या गेलेल्या मजुराचा. कुणी म्हणतं, कलाबाच्या वारलेल्या आईचा. पूर्वी आम्ही हसायचो, आता नुसती मान डोलावतो.

काल माझा घसा बसला होता. खरं तर कंटाळाच आला होता. तिसरं कडवं आलं तेव्हा मी माइकपासून तोंड फिरवलं आणि गप्प राहिलो.

कडवं पूर्ण गायलं गेलं, अगदी सुरात. समोरच्या टेबलावरची बाई डोळे पुसत होती.

टाळ्या ओसरल्यावर मी कलाबाजवळ सरकलो. "अरे, मी गायलोच नाही."

तो खाली वाकून वायर गुंडाळत राहिला.

"माहीत आहे, चिलेशे," तो म्हणाला. "तुला सांगायचा धीरच होत नव्हता. आपला ड्रमवाला गेला ना, तेव्हापासून सगळंच गाणं तो मागचा आवाज म्हणतो. तू नुसते ओठ हलवतोस."