खुंट्या आणि गाठ

“धागा डोळ्याला न्हाय दिसत पोरी, बोटाला दिसतो,” वैशालीचे बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करताना सांगायचे, आणि तुटलेला धागा असा सांधायचे की कापडालाही कळू नये.

आज भिवंडीच्या दवाखान्यात ती थेरपिस्ट म्हणून हारूनभाईंसमोर बसली होती. लूममध्ये त्यांची दोन बोटं गेलेली. सहा आठवड्यांच्या उपचारानंतर बोटांच्या चाचणीच्या फळीवर पंचवीसच्या पंचवीस खुंट्या त्यांनी वेळेत भोकांत बसवल्या. मग तिनं त्यांच्या हाती तुटका धागा दिला. गाठ काही बसेना.

“लूमवर कसं जमेल, हारूनभाई?”

“जमवायलाच लागेल, मॅडम. शेठ कागद मागतो.”

तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी कागदावर ‘कामास योग्य’ लिहिलं. “आपण खुंट्या मोजतो, वैशाली. गाठ आपल्या तक्त्यात नाही.”

सही होण्याआधी तिनं कागदावर हात ठेवला.

“सर, तुमच्या पहिल्या अभ्यासातला सात नंबरचा रुग्ण आठवतो? त्याच्याही खुंट्या पूर्ण होत्या, त्यालाही तुम्ही योग्य लिहिलंत. तो माझा बाप. कामावर परतल्यावर आठव्या दिवशी चालत्या लूमवर गाठ मारायला गेला, आन् धड होता तो हातपण न्हाय उरला.”