टेकडीवरचं अळू

डोहाळजेवणाच्या पंगतीत अळूवड्या आल्या आणि त्यांच्या पानांतल्या चंदेरी शिरा पाहून श्रीरंगच्या हातातला तांब्याच गळून पडला.

"आई, हे अळू कुठलं?"

"मागच्या टेकडीवरचं. पानं कसली, हत्तीचे कान नुसते! फुकट वाढतंय."

ती टेकडी म्हणजे शहराचा जुना कचराडेपो. बॅटऱ्या, रंगाचे डबे, फुटक्या ट्यूबा यांतलं शिसं आणि कॅडमियम तिच्या पोटात वर्षानुवर्षं गुपचूप पडून होतं. ते शोषून पानांत साठवणारं हे चंदेरी शिरांचं अळू श्रीरंगनंच प्रयोगशाळेत घडवलं होतं. कापलेली पानं थेट भट्टीत जायची. कुणी ती खाऊ नयेत म्हणून त्यानं अळूत अशी खाज भरली होती, की एका पानात रेड्याची जीभ सुजावी. कुंपणाची गरजच नाही, असं तो भर सभेत छातीठोकपणे सांगून आला होता.

"पण आई, खाज?"

"होती ना मेली! माझ्यापुढे तिची काय टाप? चिंचेचा कोळ दुप्पट ओतला."

श्रीरंग ताडकन उठला. आंबटानं खाज तर मारलीच होती, वर पानांत घट्ट बसलेलं शिसंही सैल केलं होतं. त्यानं हिरव्या साडीतल्या आपल्या बायकोपुढचं, मृणालपुढचं ताट ओढून घेतलं. वड्या जशाच्या तशा होत्या.

"खाल्ली नाहीस ना गं?"

"नाही हो. आता नकोच वाटतंय."

"कशी खाईल बिचारी?" आई कौतुकानं म्हणाली. "खाज गेली की नाही, ते सकाळपासून प्रत्येक घाण्याला तीच तर चाखून सांगत होती."